जायंट भोपळ्यात बिया पोचट का निघतात, आणि पुढच्या सीझनला भरलेल्या बिया कशा मिळवायच्या

घरच्या बागेत जायंट भोपळा वाढवणाऱ्यांची खरी निराशा वजनकाट्यावर होत नाही, ती भोपळा कापल्यावर होते. बाहेरून शंभर-दीडशे किलोचं केशरी धूड, चार महिने पाणी, खत, मल्चिंग सगळं केलेलं, आणि आत हात घातला तर बिया दिसायला मोठ्या पण बोटात धरून दाबल्या की चपट्या, आत मगजच नाही. काहींच्या भोपळ्यात तर बियाच नसतात, नुसते ओले पांढरे धागे आणि त्यात अडकलेली पातळ टरफलं. मग लोक म्हणतात बियाणंच खराब आलं होतं, किंवा एवढा मोठा भोपळा म्हणजे हायब्रीड असणार आणि त्याला बिया धरतच नाहीत. बहुतेक वेळा ह्यातलं काहीच खरं नसतं.

मुळात फळ मोठं होणं आणि बी जून होणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फळाची वाढ सुरू व्हायला थोडे परागकण पोचले तरी चालून जातं, पण प्रत्येक बीला स्वतःचा एक वेगळा परागकण लागतो, आणि तो मिळाल्यावर सुद्धा त्या बीत मगज भरायला पुढे साधारण दोन महिने वेल हिरवा आणि कामाचा राहावा लागतो. म्हणजे बियांचा निकाल दोन ठिकाणी लागतो, एक म्हणजे परागीकरणाची ती एक सकाळ, आणि दुसरं म्हणजे त्यानंतरचे ५५-६० दिवस. भोपळा किती किलोचा झाला ह्याचा त्यात फारसा संबंध नाही, खूप वजनदार भोपळ्यात मूठभर बिया निघालेल्या आहेत आणि मध्यम आकाराच्या भोपळ्यात काहीशे.

आधी हा भोपळा कोणता ते सांगतो कारण पुढचं बरंच काही त्यावर आहे. स्पर्धेत दिसतात ते जवळपास सगळे महाकाय भोपळे 'अटलांटिक जायंट' ह्या जातीच्या वंशातले. ही जात कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या विंडसर गावच्या हॉवर्ड डिल ह्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षं निवड करून तयार केली, १९७९ ते १९८२ सलग चार वर्षं त्यांनी जगातल्या सगळ्यात मोठ्या भोपळ्याचा मान घेतला. १९८१ चा त्यांचा भोपळा ४९३.५ पौंडांचा, म्हणजे २२४ किलोच्या आसपास होता. तिथून आज गाडी कुठे आली बघा, २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात हाफ मून बे ला ट्रॅव्हिस गीन्जर ह्यांचा भोपळा १,२४७ किलो भरला आणि २०२५ मध्ये इंग्लंडच्या पॅटन जुळ्या भावांनी १,२७८ किलोच्या वर नेला. ही सगळी प्रगती बीमधून झालेली आहे. चांगल्या फळाची बी पुढच्या वर्षी लावायची, दुसऱ्या चांगल्या फळाच्या झाडाचा पराग तिच्यावर टाकायचा, असं पिढ्यान् पिढ्या. म्हणून ह्या लोकांत बीचं नावच फळाच्या वजनावर आणि वाढवणाऱ्याच्या आडनावावर असतं, उदाहरणार्थ '२००९ वॉलेस'. ह्यातला आकडा वर्षाचा नाही, पौंडांचा आहे, २०१२ मध्ये रॉन वॉलेस ह्यांनी अमेरिकेतल्या टॉप्सफिल्ड फेअर ह्या जत्रेला आणलेला, दोन हजार पौंड ओलांडणारा पहिला भोपळा. अशा फळात भरलेल्या बिया कमी निघाल्या तर नुकसान केवढं ते कळेल.

ही जात हायब्रीड नाही. तिच्या बिया उगवतात आणि त्याच वेलाच्या नर फुलाचा पराग त्याच वेलाच्या मादी फुलावर टाकला तरी बी धरते. त्यामुळे 'एकच वेल होता म्हणून बिया झाल्या नाहीत' हे कारण धरू नका.

पहिली पायरी: कापलेला भोपळा नीट वाचा

ह्या वर्षी पोचट बिया निघाल्या असतील तर त्या लगेच फेकू नका. चूक कुठे झाली ते बियाच सांगतात, फक्त बघायची सवय पाहिजे.

बियांच्या जागी फक्त पातळ, पारदर्शक, छोटी टरफलं असतील, म्हणजे नखाएवढी सुद्धा नाहीत, तर तिथे फलनच झालं नाही, म्हणजे परागाचा बीशी संयोगच झाला नाही. परागकण पोचला नाही, किंवा पोचला पण मेलेला होता, किंवा भलत्याच जातीचा होता.

टरफल पूर्ण मोठं, रंग पण ठीकठाक, पण आत रिकामं किंवा एखादी पातळ पांढरी पापडी असेल तर फलन झालं होतं पण मगज भरायचा राहिला. भोपळ्याच्या बीचं टरफल आधी तयार होतं आणि मगज नंतर भरतो, त्यामुळे तीन-साडेतीन आठवड्यांतच बी बाहेरून पूर्ण मोठी दिसायला लागते आणि बघणारा फसतो.

मगज आहे पण मऊ आहे, टरफल पांढरं आणि सहज वाकतं, तर ती कोवळी बी. फळ लवकर तोडलं, किंवा लवकर कापलं, किंवा वेल आधीच मेला.

एका बाजूला भरलेल्या आणि दुसऱ्या बाजूला पोचट असतील तर परागीकरण एकाच बाजूला झालं, असं फळ बाहेरून पण कधी कधी एका अंगाला बसकं दिसतं. आणि फुलाकडच्या टोकाला भरलेल्या आणि देठाकडे पोचट असा प्रकार दिसला तर पराग कमी पडला, कारण परागनलिका, म्हणजे परागकणातून फुटणाऱ्या बारीक नळ्या, फुलाकडून आत शिरतात, जवळच्या बीजांडांना (ज्यांची पुढे बी होते) आधी मिळतं आणि देठाकडच्यांपर्यंत पोचेपर्यंत माल संपलेला असतो.

बिया भरलेल्या होत्या पण तपकिरी, वास मारणाऱ्या, किंवा आतल्या आत मोड आलेल्या असतील तर परागीकरण उत्तम होतं, गडबड नंतर झाली, फळ फार दिवस उबेत ठेवलं किंवा आतून सडलं.

एवढं बघून वहीत लिहून ठेवा, फोटो काढा, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्यांत तुम्हाला नक्की कुठल्या पायरीवर जास्त लक्ष द्यायचंय ते इथेच ठरतं.

दुसरी पायरी: आजूबाजूला कोणते भोपळे आहेत ते तपासा

हे कारण सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे आणि आपल्या मराठी घरांत तर जास्तच लागू पडतं. भोपळा म्हणून आपण ज्याला म्हणतो त्यात निदान तीन वेगळ्या वनस्पती-जाती आहेत. जायंट भोपळा हा कुकुर्बिटा मॅक्सिमा. हॅलोविनला कोरतात ते साधे केशरी भोपळे आणि झुकिनी हे कुकुर्बिटा पेपो. आणि आपला भाजीचा, भोपळ्याच्या घाऱ्यांचा तांबडा भोपळा, काही भागात ज्याला काशीफळ किंवा डांगर म्हणतात, तो बहुतेक करून कुकुर्बिटा मोशाटा. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत एकाच बॅकयार्डमध्ये जायंट लावलाय, बाजूला झुकिनी आहे आणि कुंपणावर गावाहून आणलेल्या बियांचा तांबडा भोपळा चढवलाय असं चित्र अगदी नेहमीचं आहे.

मधमाशीला ह्या तिन्हींत काही फरक नाही. ती झुकिनीच्या फुलातून निघून जायंटच्या फुलात बसते. पेपोचा पराग मॅक्सिमावर पडला तर व्यवहारात उगवणारी बी मिळत नाही असंच धरून चाला. मोशाटाचा पराग पडला तर कधी कधी फळ धरतं, वाढतं सुद्धा, पण आत बऱ्याच बिया पोचट आणि थोड्या कशाबशा भरलेल्या. ह्या दोन जातींचा संकर होऊ शकतो हे खरं आहे, जपानचा 'तेत्सुकाबुतो' हा भोपळा असाच मॅक्सिमा आणि मोशाटाचा संकर आहे, पण त्याची नर फुलं जवळपास वांझ असतात आणि फळ धरायला दुसऱ्या भोपळ्याचा पराग लागतो. म्हणजे गेल्या वर्षी अशी मिश्र बी तुमच्याकडे तयार झाली आणि ती ह्या वर्षी लावली तर वेल जोरात वाढेल, फुलं भरपूर येतील, आणि परागाच्या नावाने काहीच नसेल. घरी राखलेल्या बीचा वेल असेल तर नर फुलाच्या केसरावर बोट फिरवून बघा, पिवळी भुकटी भरपूर लागली पाहिजे.

कुठला वेल कुठला हे ओळखायला देठ बघा. मॅक्सिमाचा देठ गोल, जाडजूड, बुचासारखा भुसभुशीत. पेपोचा कडक, कंगोरेदार, टोचणारा. मोशाटाचा पण कडक आणि पाच कंगोऱ्यांचा, पण जिथे फळाला चिकटतो तिथे पसरट होतो. शेजारी काय आहे ते एकदा कळलं की बाकीचे वेल उपटायची गरज नाही, फक्त परागीकरण माशांवर सोडायचं नाही एवढंच.

तिसरी पायरी: परागीकरण स्वतःच्या हाताने, ठरलेल्या सकाळी

बी हवी असेल तर ही पायरी टाळताच येत नाही. मधमाशांनी फळ धरेल, कदाचित मोठं पण होईल, पण कुठला पराग, किती पराग, मादी फुलाच्या कुठल्या भागावर, काहीच हातात राहत नाही.

आदल्या संध्याकाळी वेलावरून एक चक्कर मारा. मादी फुलाच्या खाली बारका गोल भोपळा असतो, नर फूल नुसत्या लांब दांड्यावर असतं. उद्या उमलणाऱ्या कळीच्या टोकाला पिवळा-केशरी रंग दिसायला लागतो आणि कळी फुगलेली असते. अशी मादी कळी जाळीच्या पिशवीत झाका किंवा टोकाला हलकेच दोरा बांधा. उद्या उमलणारी चार-पाच नर फुलं लांब दांडीसकट कापून घरात पाण्याच्या ग्लासात ठेवा, ती सकाळी घरातच उमलतात आणि त्यांना एकही माशी शिवलेली नसते.

सकाळी लवकर, सहा ते नऊच्या दरम्यान काम उरका. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, परागाचा जोर पण तासातासाने कमी होत जातो, दहा-अकरा वाजता केलेलं परागीकरण फळ देईलही पण बिया कमी देईल. नर फुलाच्या पाकळ्या काढून टाका, मधला केसर उघडा करा, आणि मादी फुलाच्या मधल्या कुक्षीवर, म्हणजे पराग जिथे पडायला हवा त्या भागावर, हलक्या हाताने फिरवा. जोर लावून घासायचं नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. ही कुक्षी एकसंध नसते, तिला भाग असतात, साध्या भोपळ्यात बहुतेक तीन, पण जायंटमध्ये चार, पाच, कधी त्याहून जास्त. प्रत्येक भागावर पराग पडलाच पाहिजे, आतल्या खाचांत सुद्धा, नाही तर तेवढ्या बाजूच्या बिया गेल्या. फळात काहीशे बीजांडं असतात आणि सगळी भरायची तर हजाराच्या वर चांगले परागकण पोचायला हवेत, कारण सगळे काही उगवत नाहीत आणि उगवलेले सगळे शेवटपर्यंत पोचत नाहीत. म्हणून एका मादी फुलाला एक नर फूल ही कंजूषी करू नका, तीन तरी घ्या, पाच घेतली तर उत्तम, शेवटी कुक्षी पिवळीधमक दिसली पाहिजे. दोन वेगळ्या जायंट वेलांचा संकर करायचा असेल तर सगळी नर फुलं एकाच वेलाची घ्या म्हणजे नंतर नोंद खरी राहते.

झालं की मादी फूल परत बांधून टाका, म्हणजे माशा दुसरा पराग आणणार नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोरा आणि कुजायला लागलेल्या पाकळ्या काढा. देठाजवळ टॅग लावा आणि तारीख लिहा. तारखेशिवाय बी जून झाली की नाही हे पुढे कशावरूनच सांगता येत नाही, म्हणून टॅग उन्हापावसात टिकणारा आणि पेन्सिलने लिहिलेला असू द्या, शाई उडते.

उन्हाळ्याच्या लाटेत काय करायचं

नॉर्थ अमेरिकेत परागीकरणाचा काळ म्हणजे जूनचा शेवट ते जुलैचा पहिला-दुसरा आठवडा, आणि नेमकी तेव्हाच गरमी असते. तापमान ३२ अंश सेल्सियसच्या वर जाऊन राहिलं की परागकणांचा जीव कमी होतो, परागनलिका नीट वाढत नाही, कोवळी फळं पिवळी पडून गळतात. आणि गळली नाहीत तरी बिया थोड्या निघतात, म्हणजे त्या दिवशी फळ वाचलं म्हणून आपण खूश होतो आणि ऑक्टोबरात कळतं.

अनुभवी लोक मादी कळीवर छत्री किंवा शेडनेट लावतात आणि बाटल्यांत पाणी गोठवून त्या कळीभोवती ठेवतात, वर हलकं झाकण. हे लाडाचं वाटेल पण उपयोग होतो, कारण गरज फक्त एका फुलापुरती आणि एक-दोन दिवसांची असते. नर फुलं घरात थंड खोलीत ठेवलेली असली तर ती पण वाचतात. दुसरं म्हणजे त्या सकाळी स्प्रिंकलर बंद ठेवा. परागकण पाण्याने फुगून फुटतात, ओल्या फुलात केलेलं परागीकरण वाया जातं. पाऊस असेल तर मादी कळीवर आदल्या रात्रीच प्लॅस्टिकचं छप्पर करा, हवा खेळेल असं.

एकाच फुलावर डाव लावू नका. वेगवेगळ्या दिवशी दोन-तीन मादी फुलांचं परागीकरण करा, दोन आठवड्यांनी बघून मग एक ठेवा.

चौथी पायरी: पुढचे साठ दिवस वेल जगवा

फलन झाल्यावर बीत काय काय होतं ते थोडं समजून घ्या. पहिले तीन-साडेतीन आठवडे बीचं टरफल मोठं होतं, गर्भ अजून बारकाच. मग तो टरफलात पसरायला लागतो, आणि त्याच्यानंतर त्यात तेल आणि प्रथिनं भरत जातात. मॅक्सिमा गटातल्या कबोचा आणि बटरकप भोपळ्यांवर न्यू हॅम्पशायर विद्यापीठात ब्रेंट लॉय ह्यांनी बरंच काम केलं, त्यातून जे दिसलं ते असं की बी पूर्ण भरायला परागीकरणापासून साधारण ५५ दिवस लागतात आणि फळ तोडल्यावर सुद्धा बी गरातून अन्न ओढून भरत राहते. जायंटला मी ५५ च्या जागी ६० धरतो, आणि शक्य असेल तर ७०.

आता हिशोब करा. ५ जुलैला परागीकरण केलं तर ६० दिवस ३ सप्टेंबरला होतात आणि ९० दिवस ३ ऑक्टोबरला, म्हणजे वजनाच्या स्पर्धेपर्यंत बी आरामात जून. पण पहिली फळं गळली आणि १० ऑगस्टच्या फुलावर भोपळा धरला तर ६० दिवस ९ ऑक्टोबरला होतात, तोपर्यंत बऱ्याच ठिकाणी रात्री थंडगार, कुठे हिमकण पडून पानं काळी. असा भोपळा दिसायला मोठा असतो, कारण भोपळा वाढीच्या जोरात रोज कित्येक किलोने फुगतो, पण आतल्या बिया दीड महिन्याच्याच असतात. माझं मत असं की घरगुती बागेत कोवळ्या बियांचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच, उशिरा धरलेलं फळ.

दुसरं कारण म्हणजे पानं जाणं. ऑगस्टमध्ये भुरी येते, पानांवर पांढरी पावडर, आणि लोक म्हणतात आता भोपळा तर मोठा झालाच आहे, राहू दे. तेच दिवस मगज भरायचे असतात. भुरीचे पहिले ठिपके दिसले की लगेच फवारणी सुरू करा, सल्फर किंवा पोटॅशियम बायकार्बोनेट, पण सल्फर कडक उन्हात आणि तेलाच्या फवारणीच्या जवळपास मारू नका, पानं जळतात. अमेरिकेच्या पूर्व भागात वेलाच्या बुंध्यात शिरणारी अळी असते, तिने मुख्य वेल पोखरला तर झाड एका आठवड्यात बसतं. म्हणून वेलाच्या प्रत्येक सांध्यावर माती चढवा, तिथून नवीन मुळं फुटतात आणि बुंधा गेला तरी वेल तग धरतो.

पाणी एकसारखं द्या. दहा दिवस कोरडं आणि मग एकदम भरपूर असं केलं की फळ तडकतं, आणि तडा आतल्या पोकळीपर्यंत गेला तर स्पर्धा पण गेली आणि बिया पण धोक्यात. खताबद्दल एकच सांगतो, बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्य परागनलिकेच्या वाढीला लागतं, पण ते कमी आहे हे माती तपासून कळल्याशिवाय टाकू नका, थोडं जास्त झालं तरी झाडाला विषच.

बी आणि वजन दोन्ही हवं असेल तर

एक गोष्ट खूप जणांच्या लक्षात येत नाही. बीमधले गुण हे आई-वेल आणि बाप-वेल ह्यांच्याकडून येतात, फळाच्या वजनाकडून नाही. एकाच वेलावर एक भोपळा ४०० किलोचा झाला आणि दुसरा ४० किलोचा, दोन्हींवर त्याच बाप-वेलाचा पराग टाकलेला असेल, तर दोन्हींच्या बियांची लायकी सारखीच. म्हणून ज्यांना स्पर्धेपेक्षा वंश राखायचा आहे त्यांनी जागा असेल तर त्याच जातीचा दुसरा वेल लावावा आणि त्याच्यावर लवकरच्या फुलातून दोन-तीन मध्यम फळं घ्यावीत. मोठ्या फळाच्या बिया पोचट निघाल्या तरी हात रिकामे राहत नाहीत. त्याच वेलावर दुसरं फळ ठेवलं तर मोठ्याचं वजन थोडं जाईल, ते मान्य असेल तरच करा.

पाचवी पायरी: तोडल्यावर घाई करू नका

भोपळा तोडला, वजन झालं, फोटो झाले, आणि त्याच संध्याकाळी कापला, असं करू नका. टॅगवरची तारीख बघा. ७० दिवसांच्या वर झालेला असेल तर दोन आठवडे थांबून कापला तरी चालेल. ५०-६० दिवसांचा असेल तर अख्खा, न तडकलेला भोपळा १५ ते २० अंशांच्या जागेत, सावलीत, खाली लाकडी फळ्या किंवा पुठ्ठा ठेवून तीन-चार आठवडे राहू द्या. ४०-४५ दिवसांचा असेल तर सहा आठवडे, आणि तरी सगळ्या बिया भरतीलच असं नाही, पण जेवढ्या भरतील त्या फुकटच्या समजा.

थांबायची पण हद्द आहे. एवढ्या जाड फळाच्या पोटात उष्णता आणि ओल अडकून राहते, उबदार गॅरेजमध्ये दोन-तीन महिने ठेवलं तर बियांना आतच मोड येतात किंवा गर सडून बिया मरतात. देठाजवळ किंवा खालच्या बाजूला मऊ जागा, फेस, आंबूस वास, ह्यातलं काहीही दिसलं तर तारीख न बघता त्याच दिवशी कापा. भोपळा अजून शेतातच असेल आणि रात्री गोठायची शक्यता असेल तर जाड पांघरूण घाला. वरवरच्या हिमकणांनी पानं गेली तरी बीला काही होत नाही, पण फळ आतपर्यंत गोठलं तर ओली बी मरते. हॅलोविनसाठी कोरणार असाल तर बिया त्याच दिवशी बाजूला काढा, कोरलेला भोपळा आठवड्यात कुजतो.

सहावी पायरी: बिया काढा, धुवा, वाळवा, तपासा

बिया हाताने सुट्या करा आणि चाळणीत वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. टोमॅटोसारखं आंबवत ठेवायची गरज नाही. धुताना प्रत्येक बी बोटात दाबून बघा, भरलेली बी मधे टणक आणि फुगीर लागते, पोचट बी सरळ दबते. इथेच वेगळ्या करा.

पाण्यात टाकून तरंगणाऱ्या फेकून द्यायची पद्धत इथे वापरू नका. जायंटचं टरफल जाड आणि आत हवा धरणारं असल्यामुळे चांगल्या बिया पण तरंगतात, ह्या एका सवयीने लोकांनी चांगलं बियाणं फेकलेलं आहे.

वाळवायला जाळी किंवा ताट घ्या, कागदावर चिकटतात. एकावर एक न ठेवता पसरा, पंखा लावा, रोज उलटा. कडक उन्हात किंवा ओव्हनमध्ये नको, ३५ अंशांच्या वर मगज खराब होऊ शकतो. ह्या बिया मोठ्या असल्याने दोन ते तीन आठवडे लागतात. एखादी कमी प्रतीची बी मोडून बघा, मगज वाकला तर अजून ओल आहे, कटकन तुटला तर झालं. मग कागदी पाकिटात, पाकीट हवाबंद डब्यात, बरोबर सिलिका जेलची पुडी, आणि डबा फ्रीजमध्ये. अशा बिया पाच-सहा वर्षं तरी उगवतात.

महाराष्ट्रात लावणार असाल तर

ऑनलाइन बी मागवून इकडे पुण्या-नाशकाकडे प्रयोग करणारे पण आहेत, त्यांच्यासाठी वेगळं सांगायला हवं. तिकडचं वजन इथे अपेक्षित धरू नका, तिकडे उन्हाळ्यात पंधरा तासांच्या वर दिवस आणि थंड रात्री मिळतात, आपल्याकडे दोन्ही एकत्र मिळत नाही. पण भरलेल्या बिया नक्की मिळू शकतात, हंगाम बरोबर निवडला तर.

फेब्रुवारी-मार्चला लावलं तर फुलं नेमकी ३८-४० अंशांत येतात आणि पराग मरतो. जूनला लावलं तर फुलं पावसात भिजतात, वर केवडा (पानांवरचा बुरशीचा रोग) आणि भुरी. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला लावा, म्हणजे फुलं नोव्हेंबरच्या शेवटाकडे येतात, सकाळ थंड आणि दुपार सोसणारी, आणि जानेवारीच्या शेवटापर्यंत मगज भरून होतो. आजूबाजूच्या शेतांत तांबडा भोपळा असणारच आणि सातेरी, फुलोरी, आग्या सगळ्या माशा दोन्हीकडे फिरणार, म्हणून फूल बांधून हाताने परागीकरण करणं इथे तिकडच्यापेक्षा जास्त गरजेचं. परागीकरण झाल्यावर कोवळ्या फळाला कापडी किंवा कागदी पिशवी घाला, कारण फळमाशी कोवळ्या सालीतच अंडी घालते आणि अळ्या आतून गर कुजवतात, मग पराग कितीही चांगला पडला असला तरी बी जून व्हायच्या आधी फळ जातं. शेतात फळमाशीचे क्यू ल्यूरचे (नर माशीला ओढणाऱ्या गंधाचे) सापळे पण लावा. लाल भुंगेरे रोपावस्थेत पानं खातात, तेव्हा पहिले तीन आठवडे रोपं जाळीखाली ठेवा.

लावायच्या आधी उगवण तपासा

सीझनच्या महिनाभर आधी पाकिटातल्या पाच-सहा बिया घेऊन बघा. अणकुचीदार टोक सोडून कडेने सँडपेपरने हलकं घासा, तासभर कोमट पाण्यात ठेवा, मग ओल्या टिश्यूत गुंडाळून झिप पिशवीत २९-३० अंशांच्या उबेत. चार ते सात दिवसांत मोड दिसला पाहिजे. सगळ्या उगवल्या तर एका जागेला एक बी पुरे. निम्म्याच उगवल्या तर दुप्पट बिया भिजवा आणि त्यातलं सगळ्यात जोरकस रोप ठेवा. एकही नाही उगवली तर पाकिटावरची परागीकरणाची आणि तोडणीची तारीख काढा, मधले दिवस मोजा, आणि ५० च्या आत असतील तर त्या पाकिटावर वेळ न घालवता दुसरीकडून बी मागवा.